दीडशे सायकलस्वारांचा शांत रस्ता

रतन ढोके कुठल्या खात्यात आहे असं कुणी विचारलं, तर तो 'रस्त्यांच्या' एवढंच सांगायचा. समोरचा ताबडतोब खड्ड्यांवर यायचा. मग रतनला खुलासा करावा लागायचा की खड्डे माझ्याकडे नाहीत, त्या खड्ड्यांतून रोज किती गाड्या जातात ते माझ्याकडे आहे. हे ऐकल्यावर समोरच्याचा रस एकदम संपायचा, आणि रतनला तेच हवं असायचं.

काम म्हटलं तर सोपं होतं. वर्षातून दोनदा प्रत्येक रस्त्याच्या कडेला एक टेबल, एक खुर्ची आणि गावातलंच एखादं शिकलेलं माणूस बसवायचं. सात दिवस, चोवीस तास, तीन पाळ्या. समोरून जे जाईल त्याची कागदावर एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. आठवड्यानंतर ते कागद रतनच्या टेबलावर यायचे आणि तिथे वाहनांचे आकडे व्हायचे. मोटार म्हणजे एक, ट्रक म्हणजे तीन, बैलगाडी म्हणजे सहा, कारण ती कुणाच्या बापाला रस्ता सोडत नाही. सायकल म्हणजे अर्धा. दिवसाची सरासरी शंभरावर गेली की त्या रस्त्याची बढती व्हायची, म्हणजे तो रुंद व्हायचा. बढतीच्या बाबतीत रस्त्यांचं नशीब रतनपेक्षा बरं होतं, कारण त्यांचा निकष तरी कागदावर होता. रतनच्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या एकाही आकड्यावर कधी दुरुस्तीची सही झाली नव्हती. त्याला फक्त याचाच अभिमान होता, आणि तो शर्मिलाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागायचा.

सायकल त्याच्या आयुष्यात साखरेच्या पाठोपाठ आली. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, गोळी की घाम, काय ते ठरवा. रतनने घाम निवडला, बारीक टायरची एक चकचकीत सायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी वाघोलीच्या नाक्यावर एक पाण्याचा टँकर आणि एक कॉलेजची बस यांच्यामध्ये इतका वेळ उभा राहिला की घाम आला, पण तो व्यायामाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते पुण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही सायकलवाल्याला जमलं नसतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने जिल्ह्याची मोजणीवही काढली आणि खालून वर वाचायला सुरुवात केली. ती वही मंत्र्यासंत्र्यांपासून ठेकेदारांपर्यंत सगळे वरून खाली वाचतात. जास्तीत जास्त गाड्या कुठे, पैसा कुठे ओतायचा. खालची पानं, म्हणजे परिशिष्ट 'ड', तशीच कोरी करकरीत होती. ज्या रस्त्यांनी कुणीच जात नाही असे रस्ते, आकड्यासकट, शिक्क्यासकट, सरकारी खात्रीने. रतनने त्यातले अकरा निवडून खिशातल्या डायरीत उतरवून घेतले. शांतता शोधायला लोक हिमालयात जातात. रतनला ती परिशिष्ट 'ड'मध्ये मिळाली.

त्या अकरांतला सगळ्यात देखणा रस्ता डोंबेवाडीचा. लोणी काळभोर ओलांडून सोलापूर रस्ता सोडला की उजवीकडे फुटणारा, सात किलोमीटरचा, एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंना कांदा नि ऊस, मध्ये एक मोरी, बाभळी, आणि आपण गेलो म्हणून ओरडणारी एक टिटवी. गावाच्या तोंडाशी पत्र्याचा बसथांबा होता, पण त्यावर बस येत नसे. त्यात शेळ्या बसायच्या. वाघोलीहून उजाडायच्या आत निघायचं, केसनंद, थेऊर करत लोणी गाठायची, डोंबेवाडीच्या थांब्याशी सायकल टेकवायची आणि पाच मिनिटं काहीच ऐकू येत नाही हे ऐकायचं, असा रतनचा रविवार ठरून गेला.

शर्मिला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि घरीही निष्कर्ष थोडक्यातच सांगायची.

"रविवारी विहारात वंदनेला सगळे असतात. तुम्ही सोडून. भन्तेजी विचारत होते."

"सांग त्यांना, मी मौन पाळतोय."

"सांगितलं. ते म्हणाले, मौनाला इतकी घट्ट चड्डी लागते का."

रतनची एकच चूक झाली. त्याने हे सुख वाटून घेतलं. त्याच्याच बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर अभिनव राहायचा, सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड. त्याने लिफ्टमध्ये सायकल बघितली, कुठे जाता विचारलं, आणि महिनाभरात 'निवांत चाकं' नावाचा ग्रुप झाला. सभासद चौदा. निवांतपणाची त्यांना इतकी ओढ होती की ते तो गाणी लावून साजरा करायचे. अभिनव ड्रोन आणायचा. ड्रोन उडाला की टिटवी गप्प व्हायची, आणि मग खाली सगळे म्हणायचे, काय पीस आहे यार इथे. बसथांब्यातल्या शेळ्यांसोबत दर रविवारी फोटो निघायचा आणि त्याखाली 'जिथे काळ थांबला आहे' असं काहीतरी लिहिलं जायचं. त्या फोटोंना एवढी दाद मिळायची की शेळ्या आता कॅमेऱ्याकडे बघून बसत.

ग्रुपातला रतनला सोसवणारा एकच माणूस म्हणजे आमोद. बुधवार पेठेत त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. आठवडाभर लाउडस्पीकर विकून तो रविवारी शांतता शोधायला यायचा, तोही मोटारीवर सायकल बांधून, वाघोलीपर्यंत. याच्यात काही विसंगती आहे असं त्याला कुणी म्हटलं तर तो म्हणायचा, मिठाईवाला स्वतः मिठाई खातो का.

असं सगळं बरं चाललेलं असताना एका गुरुवारी ग्रुपवर अभिनवचा संदेश आला. डोंबेवाडीच्या ग्रामपंचायतीने रस्ता रुंद करून मिळावा असा ठराव केला होता. 'गाइज, आपला रोड मारतायत.'

आपला, हा शब्द रतनला तेव्हा खटकला नाही.

शनिवारी अभिनवच्या घरी सगळे जमले. रतनने शांतपणे सांगितलं की काळजीचं कारण नाही, ठराव कुणीही करतं. मागच्या मोजणीत त्या रस्त्याची सरासरी सत्त्याऐंशी आली होती, लागतात शंभर. पुढची मोजणी येत्या महिन्यात आहे, त्यातही सत्त्याऐंशीच्या आसपासच येणार. आपण काही न करणं हेच उत्तम. पण काही न करण्यासाठी जमलेली माणसं ती नव्हती. अभिनवने प्रोअ‍ॅक्टिव्ह हा शब्द तीनदा वापरला. ठरलं असं की एक मोठी रॅली काढायची, शहरातले सगळे सायकल ग्रुप बोलवायचे, आणि त्याआधी खात्याला एक अर्ज द्यायचा की हा रस्ता सायकलस्वारांसाठी आहे तसाच राखून ठेवावा.

अर्ज कोण लिहिणार असा प्रश्न आला तेव्हा तेरा माना रतनकडे वळल्या. आणि इथे रतन घसरला. मसुदा ही त्याची दुखरी जागा होती. 'सदर', 'उपरोक्त', 'सबब' हे शब्द त्याच्या हातून असे ओळीने उभे राहायचे की वाचणाऱ्याने आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं. नागरिक या नात्याने स्वतःच्या नावाने त्याने अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य होतं: 'सदर मार्गावर दर रविवारी सरासरी दीडशे सायकलस्वार नियमितपणे ये-जा करीत असतात.'

आमोदने चष्मा कपाळावर नेला.

"दीडशे? ढोके, आपण चौदा आहोत. त्यातले तीन नुसतंच 'येतो' म्हणतात."

रतनने समजावलं की अर्जात चौदा लिहिलं तर तो शिपाईसुद्धा वाचणार नाही. मागणी जेवढी मोठी, तेवढा आधार मोठा दाखवावा लागतो, ही पद्धत आहे.

"तुमची मोजणीही अशीच असते का?"

"मोजणी वेगळी," रतन दुखावून म्हणाला. "हा अर्ज आहे."

रॅलीचा रविवार मोजणीच्या आठवडाभर आधी येत होता, हे रतनने दोनदा तपासलं होतं. पण निवडणुकीची आचारसंहिता लागणार अशी कुणकुण वरपर्यंत गेली, आणि वरून मोजणी आठवडाभर अलीकडे ओढण्याचं पत्र निघालं. ते शुक्रवारी तीन वाजता रतनच्या टेबलावर येऊन त्याच्याच पेपरवेटखाली पडलं. रतन दोन वाजता अर्धी रजा टाकून 'शांतता राखा, रस्ता वाचवा' असा फ्लेक्स आणायला गेला होता.

रॅलीला एकशे बारा सायकली आल्या. बरोबर मोटारी आणि टेम्पो मिळून दहा गाड्या, पाणी, केळी, पंक्चरचं सामान आणि फोटोग्राफर घेऊन. सगळ्यात पुढे आमोदने दिलेला टेम्पो होता, त्यावर त्याच्याच दुकानातले दोन भोंगे, आणि त्यांतून अभिनव ओरडत होता की आम्हाला शांतता हवी आहे. ऊस तोडणारी माणसं कोयते थांबवून बघत होती. रतन टेम्पोच्या मागोमाग होता. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कशाच्या तरी पुढे आहोत असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं मोरीपर्यंत टिकलं.

मोरीजवळ बाभळीखाली एक टेबल होतं. टेबलामागे एक मुलगी, ओढणी डोक्यावरून घेतलेली, पेन तयार. टेम्पो गेला, तिने रेघ ओढली.

कागद रतनच्या ओळखीचा होता. ते रकाने त्यानेच आखले होते.

त्याने करकचून ब्रेक दाबला, सायकल आडवी घातली आणि मागच्यांना ओरडून सांगितलं की पुढे रस्ता खराब आहे, उतरा, सगळे उतरा, चालत जा. पुढे रस्ता आरशासारखा दिसत होता. पण ढोके सर सांगतायत म्हटल्यावर एकशे अकरा माणसं उतरली आणि टाचेला लोखंड लावल्यासारखे सायकलीचे खास बूट डांबरावर टाकटाक वाजवत, लाखालाखाच्या सायकली हाताने ढकलत चालू लागली. मुलीने मान वर न करता रेघा ओढणं चालू ठेवलं. चार उभ्या, पाचवी आडवी.

"अगं, चालतायत ते," रतन टेबलाशी जाऊन म्हणाला. "पायी माणसं मोजत नाहीत."

"माणसं कुठं मोजतीय मी? सायकली मोजतीय."

"पण चालवत नाहीयेत ना."

तिने डाव्या हाताने टेबलावरचं सूचनापत्र त्याच्यापुढे सरकवलं. उजवा हात थांबला नाही. "नऊ नंबर वाचा, काका."

कलम नऊ. 'सायकल चालवत, ढकलत अथवा माल लादून नेली जात असल्यास तीही वाहन समजावी.' रतनला ते वाचायची गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी दूधवाले कॅन लटकवून सायकली ढकलत नेतात आणि मोजणीतून सुटतात, म्हणून ते कलम त्यानेच घातलं होतं. तेव्हाच्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

शेवटची सायकल गेल्यावर मुलीने पेन ठेवून बोटं मोडली. तिचं नाव राधा. लोणीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, मोजणीला बसायची तिची ही दुसरी खेप. समोरचे काका कोण हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती मोकळेपणाने बोलली.

"हे समदं रस्ता होऊ नये म्हणून हाय का?"

रतनने फ्लेक्सकडे बघितलं. नाही म्हणायला जागा नव्हती.

"बरं झालं बाई आलात. मागच्या साली सत्त्याऐंशीवर अडलं बघा. शंभर लागत्यात. आम्ही म्हणत हुतो, गावातल्या मोटारसायकली दोन-दोनदा फिरवाव्यात का मोरीवरनं. सरपंच तयार हुते. मीच न्हाई म्हटलं, ते खोटं झालं असतं."

रतनने विचारलं, एवढा रुंद रस्ता कशाला हवाय. विचारताना त्याला उत्तर नको होतं, पण ते मिळालं. बस. बसवाले म्हणतात, रस्ता एकेरी आहे, समोरून उसाची ट्रॉली आली तर बस मागे कोण घेणार. म्हणून थांबा बांधून सहा वर्षं झाली, बस आलेली नाही. राधा सकाळी दुधाच्या टेम्पोतून कॉलेजला जाते आणि दुपारी फाट्यापासून चालत येते. सात किलोमीटर. तिच्यासकट चौघी होत्या, दोघींची लग्नं झाली, एक कंटाळली.

"आता जाताना बी हितनंच जाणार ना?" तिने आशेने विचारलं.

दुसरा रस्ताच नव्हता. दहा वाजता एकशे बारा सायकली आणि दहा गाड्या परत त्याच मोरीवरून गेल्या. अभिनवने टेबलाशी थांबून राधाला ग्रुपचा स्टिकर आणि खजुराची वडी दिली आणि तुमचं गाव किती लकी आहे असं सांगितलं. तिने वडी खाल्ली, स्टिकर लावून उडणारा कागद टेबलाला चिकटवला, आणि त्याच्या सायकलीची रेघ ओढली.

पुढच्या आठवड्यात कागद रतनच्या टेबलावर आले. त्याने बेरीज तीन वेळा केली, कारण पहिल्या दोन वेळा ती बरोबर आली होती. सायकली आणि बरोबरच्या गाड्या धरून सरासरी जवळजवळ एकशे सहा. त्या वगळून सत्त्याऐंशी.

आणि वगळता येत होत्या, हीच तर गंमत. यात्रा, लग्नाची वरात, मोर्चा अशी एखाद्या दिवसाची वर्दळ शेरा मारून वजा करायची तरतूद होती. रतन ती घेऊन उपअभियंता संभाजी भोर यांच्याकडे गेला. भोर निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले, आणि म्हणूनच सगळं दिसणारे गृहस्थ होते.

"अपवाद दाखवा की मग," ते म्हणाले. "एक ओळ लिहा, सही करा. एवढं काय विचारायचं त्यात?" मग त्यांनी त्या रस्त्याची फाईल ओढली, चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. "फक्त हे एक आहे बघा. कुणी नागरिक लिहितोय, दर रविवारी दीडशे सायकली नियमित जातात. नियमित. छान लिहिलंय हो. तुमच्याच नावाचा दिसतोय कुणीतरी."

रतनने ते पान उलटायला हात पुढे केला, पण भोरांचं बोट हललं नाही.

"तर आता असं आहे, ढोके. हे दीडशे खरे असतील, तर रविवारची वर्दळ नेहमीची झाली. मग अपवाद कसला? सायकली धरा, रस्ता रुंद. आणि अपवाद लिहायचा असेल, तर या नागरिकाकडून आधी लेखी घ्या की माझा आकडा खोटा होता. खरा किती?"

"चौदा," रतन पुटपुटला. "कधी अकरा."

"अरेरे." भोरांनी चहा फुंकला. "सोमवारपर्यंत द्या. तुम्ही सांगाल ते."

म्हणजे हिशेब सरळ होता. एका कागदावर 'माझा आकडा खोटा होता' असं लिहून खाली सही करायची, की डोंबेवाडीचा रस्ता वाचला. बाभळी राहणार, टिटवी राहणार, रविवार राहणार. बावीस वर्षांतली पहिली दुरुस्ती, तीही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आकड्यावर, ऑफिसभर वाचली जाणारी. नाहीतर गप्प बसायचं. गप्प बसलं की राधाला बस.

रविवारी सकाळी रतन चक्क विहारात वंदनेला गेला, त्यामुळे शर्मिलाला काहीतरी गंभीर आहे हे कळलं. परत येताना तिने विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं. सांगताना राधाचा भाग जरा लांबवला. सात किलोमीटर, चौघीतल्या तिघी गळाल्या, सहा वर्षांचा रिकामा थांबा. आपण मुळात शांत रस्ता म्हणतो ते काय असतं, तर तिथल्या लोकांच्या नशिबी गाडी नसते, असंही एक वाक्य त्याने टाकलं. ते त्याला मोरीपासून सुचत होतं.

शर्मिला ऐकून घेत होती.

"एकूण काय, त्या मुलीसाठी तुम्ही रस्त्याचा त्याग करणार."

"तसं म्हण हवं तर."

"आणि खोटा आकडा लिहिला होता हे कुणाला सांगावं लागणार नाही."

रतन दोन पावलं मागे पडला.

"तो मुद्दा नाहीये."

"नसेल. मी फक्त विचारतेय, तिला बस नको असती, तर तुम्ही ते लिहून दिलं असतं का?"

कोपऱ्यावरच्या दुकानात तिने दूध घेतलं, पिशवी त्याच्या हातात दिली. उत्तराची तिने वाट पाहिली नाही. तिला पेपर तपासायचे होते, आणि कोरं सोडलेलं उत्तर ओळखायला तिला वेळ लागत नसे.

सोमवारी रतनने सरासरी एकशे सहा लिहिली. शेऱ्याच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. भोरांनी सही करताना नुसतं वर बघितलं आणि म्हणाले की बरं झालं, नागरिकांवर विश्वास ठेवावाच लागतो.

'निवांत चाकं'वर बातमी गेली तेव्हा आभाळ कोसळलं. सरकारला निसर्गाची किंमत नाही, असं बारा जणांनी बारा प्रकारे लिहिलं, येतो म्हणून न येणाऱ्या तिघांनी सगळ्यात कळकळीने. नवीन शांत रस्ता शोधायची जबाबदारी अभिनवने एकमताने ढोके सरांवर टाकली. आमोदने फक्त रतनला फोन केला.

"आमचे अर्धे-अर्धे धरून गेला का तो रस्ता?"

"हो."

"म्हणजे आपणच."

"हो."

"वा," आमोद म्हणाला. "मोर्चा यशस्वी झालेला मी पहिल्यांदाच बघतोय."

बुधवारी दुपारी रतनने रजा काढली आणि एकटाच डोंबेवाडीकडे निघाला. राधाला बातमी आपण स्वतः सांगावी असं त्याच्या मनात होतं. एखाद्याला काही दिल्यावर त्याचा चेहरा बघायला मिळावा, एवढी त्याची अपेक्षा होती आणि ती त्याला रास्त वाटत होती. फाट्यावरून आत तीनेक किलोमीटरवर राधा दिसली. दप्तर पाठीला, चप्पल धुळीने माखलेली, उन्हाकडे पाठ करून भराभर चालणारी. तो उतरला आणि सायकल ढकलत तिच्या बरोबरीने चालू लागला. आपण त्या खात्यातले, तो आकडा आपल्याच सहीने गेला, रस्ता मंजूर होतोय, असं सगळं त्याने क्रमाने सांगितलं. खोट्या दीडशेचं तेवढं राहून गेलं.

राधा थांबली. तिला खरंच आनंद झाला, तो चेहऱ्यावर दिसलाही. मग ती जे बोलली ते हिशेबी होतं, कारण ती मोजणीतली मुलगी होती.

"मग बस कधी चालू हुईल?"

रतनला खोटं बोलता येईना. आधी अंदाजपत्रक, मग जागेचं बघायचं, मग निविदा. तीन वर्षं धर. बस त्यानंतर.

"तवर माझं कॉलेज संपून जाईल की."

"हो."

"असू दे." ती पुन्हा चालू लागली. "धाकटी पाचवीत हाय. तिला मिळंल."

चालत चालत दोघं गावाच्या तोंडाशी आले, बसथांबा मागे पडला. रतनला अपेक्षित असलेला प्रसंग झाला होता, पण मोठा झाला नव्हता. उसातून वारा आला. रस्ता नेहमीसारखा रिकामा होता आणि तीन वर्षांत इथे खडीचे ढीग पडतील, बाभळींच्या बुंध्यांवर लाल नंबर येतील, हे त्याला आताच दिसत होतं. टेकडीच्या कडेने गावाला वळसा घालून एक पांढरट पट्टी पलीकडे उतरत होती. इतक्या रविवारी त्याने ती कधी बघितली नव्हती, कारण ते सगळे थांब्याशीच फोटो काढून परतायचे.

"तो रस्ता कुठे जातो गं?"

"त्यो व्हय? पलीकडच्या वस्तीवर. पण तिकडं आता चिटपाखरू जात न्हाई. दोन वर्षं झाली, ओढ्यावरचा पूल वाहून गेला."

आणि रतनला आनंद झाला. अगदी आतून, लख्ख, पहिल्या रविवारसारखा. वहीत नोंद नसलेला, गाडी न येणारा, येऊच न शकणारा रस्ता. मग लगेच त्याला त्या आनंदाची लाज वाटली. आधी आनंद आणि मग लाज, हा क्रम त्याला लपवता आला नाही, कारण आकड्यांप्रमाणे क्रमाच्या बाबतीतही तो चोख होता. लाज वाटली म्हणजे आपण मुळात चांगले आहोत असं त्याने स्वतःला समजावलं, आणि समजावून झाल्यावर विचारलं,

"ओढ्यातून सायकल खांद्यावर घेऊन उतरता येईल का पलीकडे?"

राधाने दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. सायकलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"यील की," ती म्हणाली. "आजीला दवाखान्यात तसंच नेलं आम्ही. खांद्यावर."